ओल्या फडक्यातल्या चार बाटल्या

कान्हानं घटाघटा अर्धी बाटली रिकामी केली आन् तोंड पुसत "अजून" म्हणला, तवा माझ्या ध्यानात आलं की ही बाटली आमची न्हाई. म्हंजी आमची असंल बी, नसंल बी. पिशवीत अजून तीन बाटल्या होत्या, सगळ्या एकसारख्या, सगळ्या ओल्या फडक्यात बांधलेल्या. फडकी सोडून बघितली तर एकीवर बी चिठ्ठी न्हाई. चिठ्ठ्या पिशवीच्या बुडाला लगदा होऊन बसल्या होत्या.

झरीचा स्टॉप मागं पडलता, परभणी यायला टाइम होता, बस गच्च भरलेली, आन् ऊन असं की खिडकीच्या दांडीला हात लावू न्हाई. त्या चारमधल्या तीन बाटल्या प्यायच्या नव्हत्याच. तपासायला चालवल्या होत्या. त्यातली एक तर शाळेच्या हापशाची होती, आन् त्या हापशाचं पाणी आमी शिशीत दोन दिस ठेवलं तर ती शिशी काळी पडलती. काळी पडली की त्या पाण्यात घाण हाय, हे आमाला ट्रेनिंगला शिकवलेलं.

कान्हा माझा अडीच वर्षांचा. मी त्याच्या नरड्यात बोट घालायलते, त्यानं ओकून टाकावं म्हणून, आन् तो माझं बोट चावायलता. शेजारी एक म्हातारी बसलती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, मांडीवर कढीपत्त्याची जुडी. बसल्याबरोबर तिनं "शरणार्थ" म्हणून मला नमस्कार केलता, पर मी पहिल्यांदाच एकटी निघालेली, भेदरलेली, नुसती मान हलवलती.

ती म्हणली, "लेकराच्या नरड्यात हात कामून घालायलीस ग?"

"आजी, त्यानं तपासायचं पाणी पिलं."

"तपासायचं म्हंजी?"

"लॅबला न्यायलेय. त्यात एक लय घाण हाय. कोणतं ते कळंना झालंय."

आजीनं बाटली घेतली, वास घेतला. "पाणीच हाय की. मला वाटलं कापसावरचं औषध पाजलंस का काय. बोट काढ आदी. पाण्यानं काय होतंय ते नंतर बघू, तुझ्या बोटानं त्याचा जीव जाईल."

तेवढ्यात कंडक्टर आला. पिशवीत डोकावून म्हणला, "बाई, बायांचं तिकीट अर्धं हाय, बाटल्यांचं पाव फाडू का?" मागचे दोघं-तिघं हसले आन् मी रडायला लागले. मंग त्याचं बी तोंड उतरलं. आजीनं त्याला सगळं सांगितलं. तो पुढं जाऊन ड्रायव्हरला काय बोलला ठाऊक न्हाई, पर गाडी स्टँडवर जायच्या आदीच थांबली, आन् कंडक्टर म्हणला, "इथून रिक्षा करा, लॅब जवळ पडंल." आजीला मोंढ्यात जायचं होतं, तिच्या लेकाचं किराणा दुकान हाय तिथं. तरी ती माझ्यासंगं उतरली. कान्हाला तिनं काखंत घेतलं, कढीपत्ता माझ्याजवळ दिला, आन् रिक्षावाल्याला म्हणली, "हळू चालव रे बाबा, ह्या बाटल्या सोन्याच्या हायत."

मी तिला नाव बी विचारलं न्हाई. हे आता लिहिताना लय लागतंय मनाला.

आता मी त्या बाटल्या घेऊन कशाला निघालते ते सांगते. आमचं गाव झरीपसून आत, आडवाटंला. गावागावात पाच बाया पाणी तपासायला तयार करायच्या असा सरकारचा नियम हाय, त्यात माझं नाव घातलं, कारण मी सातवीपर्यंत शिकले. छोटी पेटी मिळाली, तिच्यात शिशा, थेंबाची औषधं, आन् रंग जुळवायचा कागद. आता गावात घरोघर नळ येणार हाय. त्याचं पाणी कुठून घ्यायचं ते महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत ठरणार, आन् ग्रामसभेपुढं लॅबचा रिपोर्ट ठेवावा लागतोय, नुसती आमची पेटी चालत न्हाई.

पाणी तीन ठिकाणी. एक मारुतीपशी जुना आड, दुसरा शाळेचा हापसा, आन् तिसरा आमच्या गल्लीतला बोअर. हा बोअर माझ्या सासऱ्यांचा. मी त्यांना मामा म्हणते. मागं एकदा दुष्काळात आड आटला, बाया घागरी घेऊन तीन शेतं ओलांडून जायच्या, तवा मामांनी आपल्या घरामागच्या जागेत बोअर मारला. पाणी लागंना तर खाली जात राहिले, चारशे फुटापर्यंत गेले. लागलं तवा त्यांनी पाइप रस्त्यावर काढून दिला आन् म्हणले, "सगळ्यांनी भरा, कोणी विचारायचं न्हाई." तवापसून अख्खी गल्ली तेच पिती. टाकीवर पोरांनी मामांचं नाव रंगवलंय. सगळ्यांच्या मनात नळाचं पाणी ह्याच बोअरचं घ्यायचं.

पेटीत बोअरचं पाणी तपासलं तवा शिशी गुलाबी राहायला पायजे होती ती पिवळट झाली. आमी पाचजणी बघत बसलो. पर हळद शिजवायचे दिस होते, सगळ्यांचे हात कोपरापतूर पिवळे. सासूबाई, म्हंजी आत्या, म्हणल्या, "तुमच्या हाताची हळद लागली असंल, दुसरं काय." आमाला बी तसंच वाटलं.

लॅबला कोण जाणार म्हणलं तर दोघी हळदीला गेल्या, एकीला दिस गेलेले, एकीचा नवरा सोडंना. राहिले मी. मामाच म्हणले, "जाऊ दे तिला. शिकलीय ती." ह्यांनी एकसारख्या चार नव्या बाटल्या आणल्या. तीन नमुन्याच्या, एक आमच्या प्यायची, तीत घरचं पाणी भरलं, बोअरचं. पाण्याला ऊन लागू द्यायचं न्हाई असं ट्रेनिंगला सांगितलतं. आपल्याकडं पाणी गार ठेवायचं म्हंजी ओलं फडकं. मी जुन्या लुगड्याची चार फडकी केली, भिजवली, बांधली. चिठ्ठ्या पेनानं लिहून पिठाच्या खळीनं चिकटवलत्या. खळ पाण्यात सुटती एवढं मला कळायला पायजे होतं. रोज भांडे घासणारी बाई मी.

परभणी

लॅबच्या मॅडम माझ्याच वयाच्या असतील. डबा खायलत्या, माझा अवतार बघून झाकण लावलं. आजी म्हणली, "ह्या पोरीला आदी पाणी द्या, मंग बोला," आन् कान्हाला खाली ठेवून निघाली. दारातून कढीपत्त्याची जुडी परत न्यायला आली, त्यातल्या चार काड्या माझ्याच पिशवीत ठेवल्या.

मी मॅडमला म्हणले, "रिपोर्टचं राहू द्या, लेकराचं सांगा."

मॅडमनी कान्हाचं पोट दाबून बघितलं, तो हसला. मंग म्हणल्या, "आता काही दिसत नाही. दोन दिवस लक्ष ठेव, जुलाब झाले तर सरळ दवाखान्यात जा. आता डोळे पूस आणि बाटल्या उजेडात धर. रडत रडत बघितलं की काही दिसत नाही."

पांढऱ्या फरशीच्या ओट्यावर चारी बाटल्या ठेवल्या. एका भरलेल्या बाटलीच्या तळाला लाल गाळ बसलता, मिरचीच्या भुकटीवाणी. मी म्हणले, "अगबाई, हा हापसा हाय." शाळेच्या हापशाचा पाइप गंजलेला, त्या पाण्यात धुतलं की पोरांचे पांढरे शर्ट तांबूस होत्यात. हे मी रोज बघते. बशीत डोळ्यापुढं असून दिसलं न्हाई.

म्हंजी कान्हानं हापशाचं पिलं नव्हतं. मी त्याला उचलून पोटाशी धरलं.

मॅडमनी पेनासारखी एक वस्तू काढली, ती पाण्यात बुडवली की आकडा दिसतोय. राहिलेल्या तीनमधल्या दोन भरलेल्या बाटल्यांचा आकडा जवळजवळ एकच आला. त्या म्हणल्या, "या दोघी बहिणी दिसतायत."

"एक बोअरची, एक आमच्या प्यायची. आमी बोअरचंच पितो."

"मग मुलानं प्यायलेली ही आडाची."

आडाचं पाणी आता फकस्त वरल्या आळीचे गरीब लोक पितात, गल्लीतले त्यात कपडे धुतात. मला तरी बरं वाटलं. काळी शिशी तर त्याची नव्हती.

मी बाटल्या पुढं सारल्या. "आता कळल्या ना. घ्या मंग."

मॅडमनी मान हलवली. "मी घेऊ शकत नाही. चिठ्ठी नाही, एक बाटली उघडलेली आहे. हा आपला अंदाज झाला, रिपोर्ट नाही. उद्या याच्यावर तुमच्या गावात पाइप पडतील, तीस वर्षं लोक ते पाणी पितील. अंदाजावर पाजशील का तू?"

रात्री मुक्कामाला परभणीतच नणंदेकडं गेले, तिथं दाजींना हे सांगितलं तर ते म्हणले, "तुमी बी कमालच करता. बाहेर येऊन चिठ्ठ्या लावायच्या, परत आत जायचं. तिला काय सपान पडलं असतं का?" नणंदेनं, आमच्या मीरा आक्कानं, त्यांच्याकडं नुसतं बघितलं आन् म्हणली, "हां, तुमी परीक्षेत असंच पास झालते." दाजी पेपर वाचाय लागले.

त्याआदी लॅबमधी मॅडमनी मला तीन नव्या बाटल्या दाखवून सगळं परत शिकवलं. त्याच पाण्यानं तीनदा विसळायचं, काठोकाठ भरायचं, झाकण घट्ट, आन् चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहायचं. "पेन्सिल पाण्याला भीत नाही," म्हणल्या. आपली पेन्सिल मला देऊन टाकली. बाटल्या परत कशा भरायच्या ते सांगायला मी ह्यांना फोन केला, आता हे भडकतील म्हणून फोन कानापसून जरा लांबच धरलता. हे म्हणले, "लेकरू कसंय?" बरंय म्हणले. "मंग रडायलीस कामून? सकाळी गाडीवर घेऊन येतो."

आक्काचं घर दोन खोल्यांचं. दारात निळे ड्रम उभे, नळाची पाळी आली की ते भरून ठेवायचे, प्यायला जार येतोय. आमच्याकडं पाणी भरताना बाया सगळ्या गावाच्या गोष्टी करतात, इथं जारवाला टोपण लावून जातो, कोण कोणाशी बोलत न्हाई. मी आक्काला म्हणले, "ह्या जारचं पाणी कुठून येतंय?" ती म्हणली, "कुठून म्हंजी? गाडीतून." दोघी लय हसलो. तिनं धपाटे केले, वर दही, शेंगदाण्याची चटणी. आजीचा कढीपत्ता दाळीच्या फोडणीला टाकला. दाळ एका शिट्टीत लोण्यावाणी शिजली. घरी माझी दाळ चार शिट्ट्या झाल्या तरी टणक राहती, आन् आत्या म्हणतात, "तुझ्या हाताला गुणच न्हाई." मी आक्काला हे सांगितलं. ती म्हणली, "मी बी लगनाआदी तेच ऐकायची. परभणीला आल्यावर माझ्या हाताला गुण आला बघ."

पोखर्णी

दुसऱ्या दिवशी हे सकाळीच बाटल्या घेऊन आले. ओल्या फडक्याच्या जागी थर्माकोलचा डबा, शेजारच्याकडून मागून आणलेला. हे म्हणले, "बोअरची बाटली तुझ्या मामांनी सोता भरली. तीन बार न्हाई, पाच बार विसळली. म्हणले, सूनबाईला सांग, माझ्या पाण्याला पयला नंबर येतो का न्हाई बघ."

मॅडमनी बाटल्या घेतल्या, चिठ्ठ्या वाचल्या, माझ्याकडं बघून हसल्या. रिपोर्ट उद्या म्हणल्या. हे हळदीपायी लगेच माघारी गेले.

बशीत मी पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोललते, लेकराला नीट ठेव, पाया पडायला येते. आक्का म्हणली, "बोललीस ना, मंग चल, देव वाट बघायलाय." आमी बशीनं पोखर्णीला गेलो. ऊन होतं पर देवळात फरशी गार, कान्हा पालथा पडून गाल लावायलता. गर्दी नव्हती. मी डोळे मिटले तर काय मागायचं तेच सुचंना, नुसतं "बरं केलंस, बरं केलंस" एवढंच म्हणत राहिले. बाहेर आले तर माझी एक चप्पल बदलून गेलती. एक माझी, एक कोणाची तरी निळी. आक्का म्हणली, "कोणीतरी दुसरी बी आपल्यावाणीच घाबरलेली आलती म्हंजी."

नारळ इकणारी एक बाई होती, चाळिशीची, तोंडाळ. माझे पाय बघून म्हणली, "ही फॅशन कोणत्या गावची?" तिच्यापशी सावलीला बसलो. मी तिला बाटल्यांची गोष्ट सांगितली. पाणी म्हणल्यावर तिनं नारळ खाली ठेवला. तिच्या सासरी, तिकडं डोंगराकडं, पाणलोटाचं काम झालंय. वर माळावर आडवे चर खणले, बांध घातले, मंग विहिरीला उन्हाळ्यात बी पाणी राहाय लागलं. पर गावानं एक ठराव घेतला, पिण्याच्या विहिरीजवळ पाचशे मीटरच्या आत इचारल्याबिगर कोणी बोअर मारायचा न्हाई. ती म्हणली, "आमच्या मनाचा ठराव न्हाई तो, कायदाच हाय तसा. फकस्त कोणी वाचला नव्हता."

"मंग ऐकतात का लोकं?"

"पयला बोअर कोणी मारायला घेतला ठाऊक हाय? माझ्या भायानं." भाया म्हंजी थोरला दीर. "गाडी येऊन उभी. मी ग्रामसभेत उठून म्हणले, हे चालायचं न्हाई. घरातल्या बाईनं घरातल्या माणसाबद्दल सभेत बोलायचं म्हंजी बघ. चार महिने ते माझ्याशी बोलले न्हाईत. मी वाढलेलं जेवायचे न्हाईत."

"आन् पाचव्या महिन्यात?"

"पाचव्या महिन्यात भूक लागली." तिनं नारळ आपटला. "माझ्या जावंचा हात लय तिखट हाय."

मी हसले, पर तिची गोष्ट मनातून जाईना. कशापायी ते तवा कळलं न्हाई. आमच्याकडं सभेत बाया मागं बसतात, पदर डोक्यावर, सही करायची आन् उठायचं. तिनं आमच्याकडून नारळाचे पैसे घेतले पर कान्हाला खोबऱ्याचा तुकडा वेगळा दिला. मी त्या बाईचं तोंड डोळ्यापुढून जाऊ देत न्हाई.

परत परभणी, मंग घर

तिसऱ्या दिवशी कान्हा ठणठणीत. मी एकटीच गेले लॅबला, आक्का म्हणली येऊ का, मी म्हणले नको, आता रस्ता ठाऊक हाय. खरंच ठाऊक होता. मला माझंच नवल वाटलं.

मॅडमनी कागद पुढं ठेवला. "हापसा बंद करा, निदान पिण्यासाठी. शौचखड्डा जवळ आहे का?" होता. "आडाचं पाणी चांगलं आहे. उपसा, साफ करा, औषध टाकत राहा." मंग कागदावर एका आकड्याखाली बोट ठेवलं. "बोअर कुणाचा आहे?"

"माझ्या सासऱ्यांचा."

"खोल आहे?"

"चारशे फूट."

त्यांनी मला खुर्ची दिली. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड हाय, ठरवलेल्या मापापरीस जास्त. पेटीतली शिशी पिवळट झाली ती त्याच्यानं, हळदीनं न्हाई. पावसाचं पाणी मातीतून झिरपून आडात येतं, ते नवं पाणी. लय खोल दगडात जे पाणी हाय ते जुनं, दगडाचं सत्त्व त्याच्यात उतरलेलं. ते दिसत न्हाई, वास येत न्हाई, चव बी गोडच. उकळून बी जात न्हाई. लहान लेकरं रोज पीत राहिली की नव्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, आन् वरसानुवरसं पिलं की हाडं धरतात. साठ मीटरच्या, म्हंजी दोनशे फुटाच्या खाली परवानगीबिगर जाऊ नये असा नियम हाय तो पाणी सगळ्यांना पुरावं म्हणून हाय, पर त्याचा हा बी एक फायदा, असं त्या म्हणल्या.

आमच्या गल्लीतल्या पोरांचे दात मी आठवायला लागले. जावंच्या दोन्ही पोरींचे. शेजारच्या पोराचे. आमी म्हणायचो, गूळ खातात, चहा पितात, घासत न्हाईत. जाऊ पोरींना राखुंडीनं घासून घासून हिरड्यातून रगत काढायची.

मी इचारलं, "म्हंजी बशीत कान्हानं पिलं ते..."

"ते तुमच्या गावातलं सगळ्यात चांगलं पाणी होतं."

आन् ज्या बाटलीसाठी मी जीव टाकायलते, जी आमची म्हणून मी निवांत त्याच्या तोंडाला लावली असती, ती घरचीच वाईट निघाली. मी नरड्यात बोट घातलं ते चांगलं पाणी काढायला. मला हसू बी येईना, रडू बी.

मॅडम म्हणल्या, "घाबरू नको. एका गिलासानं काही होत नाही, रोजच्यानं होतं. त्याचे दुधाचे दात आहेत अजून. वेळेवर आलीस." मंग त्यांनी कागदाच्या मागं पेन्सिलनं मला लिहून दिलं, ग्रामसभेत काय मागायचं ते. नळाचं पाणी आडाचं घ्या. आडाची पिण्याच्या पाण्याची जागा, सरकारी भाषेत उद्भव, म्हणून नोंद करा, म्हंजी पाचशे मीटरचा नियम लागू होतो. आड उन्हाळ्यात आटू नये म्हणून वरच्या माळावर पाणलोटाची कामं आराखड्यात घाला. बोअरचं पाणी जनावरांना, कपड्यांना, सध्या वापरा. "बोअर मारणाऱ्याची चूक नाही," म्हणल्या. "त्याला कुणी सांगितलंच नव्हतं." हे त्यांनी लिहिलं न्हाई, नुसतं बोलल्या. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्या मागं सरकल्या, म्हणल्या, "अगं, हे माझं कामच आहे." असंल. पर डब्याचं झाकण लावून उठणारे सगळेच नसतात.

येताना स्टँडवर उसाचा रस पिले, एकटीनं, लेकराला मांडीवर घेऊन. बशीत तोच कंडक्टर. मला वळखून म्हणला, "बाटल्या कुठं हायत?" मी म्हणले, "एक पास झाली. दोन नापास." त्यानं तिकीट फाडलं आन् कान्हाला शिट्टी वाजवू दिली, सगळी बस दचकली.

गावात उतरले तर दुपार कलली होती. फाट्यावरून घरापतूर चालत गेले, पायात दोन रंगाच्या चपला. मला वाटलतं आदी ह्यांच्याशी बोलावं, मंग आत्याशी, मंग तिघांनी मिळून मामांना सांगावं. पर मामा दारातच बसलते. संगं गल्लीतले चौघं, सरपंचाचा चुलता बी. मी येणार म्हणून वाट बघत बसलेले. मामांनी डोक्याचा रुमाल नवा बांधलता.

कान्हा माझ्या काखंतून उतरून "आबा" करत पळाला. मामांनी त्याला मांडीवर घेतलं, पटापटा मुके घेतले. "माझा राजा परभणी बघून आला. ऊन लागलं का? घसा वाळला का?" पायापशी बोअरचा भरलेला तांब्या होता, त्यातनं गिलास भरला, काठोकाठ, आन् लेकराच्या तोंडाशी नेत माझ्याकडं बघून हसले. "सांग ग सूनबाई. आला का पयला नंबर?"

चौघं माझ्याकडं बघायले. कागद माझ्या पिशवीत, आजीच्या कढीपत्त्याच्या वाळल्या काड्यांसंगं. त्या माणसानं दुष्काळात अख्ख्या गल्लीला पाणी पाजलंय. मला एकटीला परभणीला जाऊ द्या म्हणणारे बी तेच. आन् गिलास कान्हाच्या ओठाला टेकला.

एका गिलासानं काय होत न्हाई हे मला ठाऊक होतं. तरी माझा हात गेला. मी म्हणले, "मामा, मलाच लय तहान लागलीय," गिलास घेतला आन् उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला. गोड लागला. मामा म्हणले, "पी बाई, पी, तुझंच पाणी हाय," आन् दुसरा भराय लागले, तवर मी लेकराला उचलून आत नेलं. जाता जाता म्हणले, रिपोर्ट सभेतच वाचायचा असतोय. हे बी काय खोटं न्हाई.

तवापसून कान्हाला मी आडाचं पाणी गाळून पाजते, वेगळ्या तांब्यात. आत्यांना वाटतंय देवाला बोललेय कायतरी. जावंच्या पोरी मात्र तेच बोअरचं पितात, माझ्या डोळ्यादेखत, आन् मी दोनदा तोंड उघडून मिटलंय.

पाणी तपासायच्या गटातल्या बाया म्हणल्या, तू जाऊन आलीस, आमाला कुठं जायला मिळतंय, लिहून काढ, म्हणून हे लिहिलं, मॅडमच्या पेन्सिलनं. सभा परवा हाय. कागद मलाच वाचायचाय, मामा पुढच्या रांगेत बसणार, नवा रुमाल बांधून. मी वाचणार हे ठरलंय. पर आज घरात, चुलीपशी, आदी त्यांना एकट्याला सांगावं, का सभेत सगळ्यांच्या संगंच त्यांनी ऐकावं, एवढं मला अजून सुटंना. पोखर्णीची ती नारळवाली जवळ असती तर तिला इचारलं असतं. ती न्हाई, म्हणून तुमाला इचारते. त्या दारात, तो गिलास भरलेला असताना, तुमी काय केलं असतं?